पार्वताबाईंचं पंधरा वर्षांचं नाटक

एप्रिल लागला की पार्वताबाई आमच्या कुडव्यातल्या झेरॉक्सच्या दुकानासमोर येऊन उभ्या राहत. आत पाऊल टाकत नसत. माइक बंद पडला तरी मांडवाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज त्यांच्याकडे होता, त्या आवाजात त्या रस्त्यापलीकडूनच ओरडत, "जवाईबापू, शटर खाली करा! डब्ब्यात टाकाले जाऊन राहिली मी!" दुकानातलं गिऱ्हाईक दचकून हातातलं आधार कार्ड खाली पाडत असे. मी निमूट शटर ओढत असे, स्कूटर काढत असे, आणि बाई पर्स पोटाशी धरून मागे बसत. कुडवा ते गोंदियाचं पोस्ट ऑफिस एवढ्या वाटेत त्या मला दोनच गोष्टी सांगत. एक, "हळू चालवा." दोन, "पाच तारीख निघून जाईन, जोरात चालवा."

बाई म्हणजे माझ्या बायकोची, सुनंदाची, थोरली बहीण. आमच्या भागात या नात्याला आकडसासू म्हणतात. नुसती सासू असते ती पुढे पुढे मवाळ होते, आकडसासू होत नाही. त्यात या बाई धंद्यानंही सासूच होत्या. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे गावजत्रा, भरते, मंडई म्हटली की घराघरांत पाहुणे, आणि पाहुणे म्हटले की नाटक. या झाडीपट्टीच्या नाटकांत पार्वताबाई वर्षानुवर्षं खाष्ट सासू उभी करत. पोस्टरवर नाव पूर्णिमा केशोरीकर, कारण माहेर केशोरीचं आणि पार्वता नावाला, नाटक कंपनीच्या मालकांच्या मते, तिकीट खपत नव्हतं. त्यांनी स्टेजवर सुनेच्या हातातलं ताट उडवलं की बायका मांडवात बसून शिव्या घालत आणि सकाळी त्याच बायका त्यांना घरी बोलावून पोहे खाऊ घालत. लग्न त्यांनी केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणत, "हंगामभर सून छळते मी. घरी आल्यावर कोन आनखी छळत बसते बाप्पा!"

डब्ब्याची गोष्ट सुरू झाली ती एका होळीनंतर. हंगाम संपला होता, मालकांनी हिशेब चुकता केला होता, आणि बाई रुमालात बांधलेले पैसे घेऊन माझ्या काउंटरवर आल्या. पैशांच्या बाबतीत सल्ला घ्यायला कुणी माझ्याकडे यावं, हेच मुळात धाडस होतं. त्याआधी मी इमू पाळले होते. इमू हा पक्षी उंच असतो, खातो भरपूर आणि त्याला गिऱ्हाईक नसतं, एवढं ज्ञान मला त्या व्यवहारातून मिळालं. त्याच्याही आधी सागवानाची रोपं कागदावर विकत घेतली होती. ती अजून कागदावरच आहेत. सुनंदा तेव्हापासून मला भाजी आणायलाही मोजून पैसे देते.

"जवाईबापू," बाई म्हणाल्या, "मले असा डब्बा सांगा, जो मले बी उघडता नाई आला पाहिजे."

"काऊन?"

"पावसाळा लागला की माह्या हातात एक पैसा नाई राहात. दादा येते, ट्रॅक्टर घेतो म्हनते. काकाचा पोरगा येते, मोबाइलचं दुकान टाकतो म्हनते. मी नाई नाई म्हनते आन् देऊन टाकते. स्टेजवर एवढी खाष्ट, आन् घरी मले 'नाई' म्हनता येत नाई. मंग 'नाई' म्हननारा डब्बाच पाहिजे."

इमूंच्या कृपेनं मला तेव्हा फक्त पोस्टावर भरवसा उरला होता. मी त्यांना पीपीएफ सांगितलं, म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी. पंधरा वर्षांचं खातं. वर्षाला निदान पाचशे रुपये टाकायचेच, जास्त किती टाकायचे त्याला सरकारनं मर्यादा घातलेली. मध्ये मोडता येत नाही. काही वर्षांनी थोडे काढता येतात, पण ते नियमात बसतील तेवढेच. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, त्यावर कर नाही. टाकलेली रक्कम मिळकतीतून वजा दाखवता येते, वर्षावर्षाला चढणारं व्याज करमुक्त, आणि शेवटी हातात येतात तेही करमुक्त.

बाईंना एवढं एका दमात कळलं नाही. खरं सांगायचं तर मलाही बोलता बोलताच कळत होतं. त्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "नाटकासारखं सांगा. पयला अंक?"

"पैसे टाकता तो पहिला अंक. तिथे करवाला येत नाही."

"दुसरा?"

"व्याज वाढतं तो दुसरा. तिथेही येत नाही."

"तिसऱ्या अंकात तरी येईन ना? पैसे काढाच्या टायमाले?"

"तिसऱ्यातही नाही."

बाई विचारात पडल्या. "तिन्ही अंकांत खलनायकाची एन्ट्रीच नाई? मंग नाटक चालन कसं? सरकार कायले सोडते आपल्याले?"

"सरकार म्हणतं, तू पैसा पंधरा वर्षं माझ्याकडे राहू दे, मी तो वापरतो, बदल्यात तुझ्या व्याजाला हात लावत नाही."

"म्हंजे खलनायक हाय," बाई एकदम उजळल्या. "थो पंधरा वर्सं हाय."

तशी त्या वेळी बाईंची कमाई करात बसायला खूप खाली होती. मी प्रामाणिकपणे ते सांगितलंही, की करमुक्तीचा तुम्हाला आज काही फायदा नाही. त्यांनी माझ्याकडे स्टेजवरच्या सुनेकडे बघतात तसं बघितलं. "आज नाई बसत, उद्या बसन. तुमी काय मले जलमभर दुसऱ्याच्या पडद्यापुढं उभी ठेवता?" आणि मग आवाज खाली आणून, जे त्यांनी सुनंदालाही सांगितलं नव्हतं ते मला सांगितलं. त्यांना स्वतःची नाटक कंपनी काढायची होती. स्वतःचा पडदा, स्वतःचे लाइट, आणि पडद्यावर स्वतःचं नाव. सासूचं काम करणाऱ्या बाईनं मालक व्हायचं, हे वडशाच्या, म्हणजे जिथे या सगळ्या कंपन्यांची बिऱ्हाडं आहेत तिथल्या, नाटकवाल्यांना सांगितलं असतं तर त्यांनी ते विनोदी नाटकात घातलं असतं.

खातं उघडायला आम्ही दोघं गेलो. बाईंनी पोपटी साडी नेसली होती, डोक्यावर पदर, आणि चपला पोस्टाच्या पायरीवर काढून ठेवल्या होत्या. मी म्हटलं, आत चपला चालतात. "राहू द्या," त्या म्हणाल्या, "लक्षुमी ठेवाले आलो." सही करायची वेळ आली तेव्हा त्यांनी पेन मुठीत धरलं, जीभ दातांत धरली, आणि पार्वता हे नाव असं लिहिलं, की प्रत्येक अक्षर जणू जमिनीत रोवलं. मागची रांग कुरकुरत होती. बाईंनी वळूनही बघितलं नाही.

पाच तारखेचं सूत्र काउंटरवरच्या एका जुन्या कारकुनानं सांगितलं. महिन्याच्या पाच तारखेपासून अखेरीपर्यंत खात्यात सगळ्यात कमी जितके पैसे असतील, त्यावर त्या महिन्याचं व्याज. सहा तारखेला टाकलेल्याला त्या महिन्याचं काही मिळत नाही. आणि एप्रिलच्या पाच तारखेच्या आत वर्षाचे सगळे टाकले, तर बाराही महिन्यांचं व्याज चढतं. नाटकाचा हिशेब होळीनंतर मिळायचा आणि एप्रिल लगेच पुढे उभा. बाईंना तर वाटलं, सरकारनं हा नियम झाडीपट्टीचा हंगाम बघूनच केला आहे. "कोनी तरी मंत्री मंडईले येऊन गेला असन," त्या म्हणाल्या.

त्यानंतर डब्ब्यानं आपलं काम चोख केलं. केशोरीहून दादा ट्रॅक्टरसाठी आले, की बाई हात जोडून म्हणत, "दादा, तुह्यासाठी जीव देईन. पैसे नाई देता येत. कुलूप सरकारनं लावलं, किल्ली पंधरा वर्सांनी भेटते." दादा माझ्याकडे खुन्नसनं बघत. कुलूप कुणी सुचवलं ते त्यांना माहीत होतं. त्या घरात जावई म्हणून मला मंडईला जे मटण मिळायचं, त्यातली हाडं त्या वर्षापासून वाढली.

बाईंचं नाव मात्र वाढत होतं. लोक सह्या मागू लागले. एका पावसाळ्यात त्या माझ्या दुकानात बसून झेरॉक्सच्या वाया गेलेल्या कागदांवर सही गिरवत राहिल्या. पूर्णिमाच्या 'प'ला मोराच्या मानेसारखा बाक, शेवटी खाली दोन रेघा आणि त्यांवर एक टिंब. सुनंदा म्हणाली, "ही सही हाय का रांगोळी?" बाईंनी तिलाही एक सही करून दिली. पुढे कुरियरवाल्याच्या वहीपासून गॅस सिलिंडरच्या पावतीपर्यंत सगळीकडे हाच मोर नाचू लागला. त्यात काही धोका आहे असं मला वाटलं नाही. मला धोका आधी कधी वाटला आहे?

मग हवा बदलली. मंडईच्या नाटकांत मुंबईचे कलाकार यायला लागले. टीव्हीवर दिसलेला चेहरा असला की गाव मांडव भरून टाकायचं. पोस्टरवर त्याचा चेहरा ताटाएवढा आणि कोपऱ्यात आमच्या बाईंचा पोस्टाच्या तिकिटाएवढा. सासूचं काम मुंबईच्या एका बाईकडे गेलं. पार्वताबाईंना शेजारीण दिली, पुढच्या हंगामात मोलकरीण. ती मोलकरीण चहाचा ट्रे घेऊन यायची आणि "मालकीणबाई, चहा" म्हणून जायची. मी ते नाटक बघितलं. त्या दोन शब्दांत बाईंनी असं काही जहर भरलं होतं, की प्रेक्षकांना तो चहा कुणी पिऊ नये असं वाटत होतं. पण पडदा पडल्यावर त्या ट्रे ठेवून तडक निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी दुकानात आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "वय पुढं पळून राहिलं, जवाईबापू. खातं मागून येऊन राहिलं. कोन आधी पोचते ते पाहाचं."

आणि नेमक्या त्यातच कोरोना आला. दोन हंगाम मंडई भरली नाही, नाटक नाही, एक पैसा नाही. बाई माझ्या दुकानात झेरॉक्स काढायला बसू लागल्या. तालीम सुटायला नको, म्हणून त्यांनी गिऱ्हाइकांना खाष्टपणानंच वागवलं. "दोन्ही बाजूनं पाहिजे का? मंग आधी तोंडानं सांगाले काय झालं?" गिऱ्हाइकं वाढली. लोक शिव्या खायला यायचे. मी एक दिवस भीत भीत म्हटलं, "बाई, आता थोडे पैसे काढता येतील, नियमात बसतं. अडचण आहे तर काढून टाका ना."

त्यांनी मशीनचं झाकण धाडकन बंद केलं. "मध्यंतरात कोनी घरी जाते का?"

"अहो, पण..."

"मध्यंतर हाय. लाइट लागले, लोक भजे खाऊन राहिले, पडदा खाली हाय. नाटक संपलं असं वाटते. नसते संपलं. बसून राहाचं." त्या वर्षी त्यांनी माझ्याकडच्या पगारातून पाचशे रुपये टाकले. पाच तारखेच्या आत. शटर खाली करायला लावूनच.

पंधरा वर्षं भरली त्याच एप्रिलात वडशाहून निरोप आला. बाईंच्या कंपनीचे मालक थकले होते. पडदे, लाइट, जनरेटर, स्टेजच्या फळ्या, सगळं एकदम विकायचं होतं. दुसरा एक घेणारा तयार होता, पण मालक म्हणाले, "पूर्णिमाबाई, आधी तुले विचारतो. चार दिवसांत पैसे खात्यात दिसले, तर पडदा तुहा." मालकांना वाटलं असावं, विचारायला काय जातं. बाईंनी फोन ठेवला आणि रस्त्यापलीकडून ओरडल्या. त्या दिवशी दोनच शब्द. "जवाईबापू! शटर!"

पोस्टात आता नवा कारकून होता. पोरसवदा, नम्र आणि नियमाचा पक्का. खातं पुरं झालेलं, व्याज चढलेलं, आकडा बघून मी दोनदा चष्मा पुसला. बाईंनी ऐटीत पेन घेतलं आणि सही केली. मोर नाचला. दोन रेघा, टिंब. पोरानं कागद बघितला, संगणकातली जुनी सही बघितली, पुन्हा कागद बघितला.

"आजी, सही जुळत नाही."

बाईंना आधी 'आजी' लागलं, मग बाकीचं. त्यांनी पुन्हा सही केली. या खेपेला नाव पार्वता लिहिलं, पण मान मोराचीच. तिसऱ्यांदा चुकून पूर्णिमाच आली. पैसे टाकताना सहीकडे कोण बघतं? बघतात ते काढताना. पोरगा खरंच हळहळत होता. म्हणाला, "नवीन सही नोंदवता येईल, आजी. ओळखपत्रं लावा, अर्ज द्या, वरून मंजूर होऊन येईल. थोडे दिवस लागतील."

थोडे दिवस म्हणजे पडदा गेला. मी कारकुनाशी वाद घालायचा प्रयत्न केला. मी वाद घालतो तेव्हा समोरच्याची बाजू आपोआप मजबूत होते, तशी ती झाली. वळून बघतो तर बाई बाकावर बसलेल्या, डोळे मिटलेले. वाटलं, चक्कर आली.

"जवाईबापू," डोळे न उघडता त्या म्हणाल्या, "तवा मी कोनती साडी नेसली होती?"

"पोपटी," मी म्हटलं. "आणि डोक्यावर पदर."

"चपला?"

"पायरीवर काढून ठेवल्या होत्या."

त्या उठल्या. बाहेर गेल्या. नव्या, टाचेच्या चपला पायरीवर काढल्या आणि आत आल्या, तेव्हा आत दुसरीच बाई आली. मी त्यांची नाटकं आयुष्यभर बघितली, पण अशी एन्ट्री बघितली नाही. खांदे आत ओढलेले, पदर डोक्यावर, नजर फरशीवर, जणू या मोठ्या ऑफिसात आपला पाय मळका तर नाही ना लागणार. पूर्णिमा केशोरीकर बाहेर चपलांपाशीच राहिली होती. ही पार्वता होती, केशोरीची, हंगामाचे पैसे रुमालात बांधून आलेली. रांगेतले लोक आपोआप बाजूला झाले. तिनं काउंटरवर पेन उचललं ते मुठीत. जीभ दातांत धरली. आणि एकेक अक्षर जमिनीत रोवत गेली. पा. मग थांबली, श्वास घेतला. र्व. मागे कुणीतरी कुरकुरलं, तिनं वळून बघितलं नाही. ता.

पोरानं कागद उचलून संगणकाच्या पडद्याशी धरला. बराच वेळ बघत राहिला. मग ओळखपत्रावरचा फोटो बघितला, बाईंचा चेहरा बघितला, आणि म्हणाला, "जुळली."

रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं टाळी वाजवली. त्याला काय झालं ते कळलं नसावं, पण नाटक चांगलं झालं की आमच्याकडे टाळी आपोआप निघते. मग सगळ्यांनी वाजवली. बाईंनी पदर खांद्यावर घेतला, मान ताठ केली आणि कारकुनाकडे वाकून, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणाऱ्या आवाजात विचारलं, "आता सांग बाबू, आजी कोनाले म्हनून राहिला होतास?"

सगळे पैसे मात्र त्यांनी काढले नाहीत. खातं पुढे पाच वर्षांसाठी चालू ठेवता येतं, पैसे टाकत राहता येतात आणि त्यातून ठरावीक हिश्श्यापर्यंत रक्कम उचलता येते, हे त्यांनी पोराकडून तीनदा समजावून घेतलं. पडद्यापुरते उचलले. "बाकीचे राहू दे," म्हणाल्या. "मालकीणबाईले बी 'नाई' म्हननारं कोनी पाहिजे ना."

त्या वर्षीची केशोरीची मंडई मी विसरणं शक्य नाही. सकाळी आम्ही पोचलो तर मैदानात ट्रक उभा, पोरं फळ्या उतरवत होती, आणि मधोमध पडदा उभा राहत होता. त्यावर मोठ्या अक्षरांत कंपनीचं नाव, खाली मालकीण, पूर्णिमा केशोरीकर. जिलेबीच्या दुकानांशी उभ्या बायका मान वर करून वाचत होत्या. ज्या दादांनी पंधरा वर्षं ट्रॅक्टर मागितला, ते ट्रकच्या टपावर उभे राहून, "अरे, बहिनीचा पडदा हाय माह्या, सुरकुती नाई पडली पाहिजे!" म्हणून पोरांना झापत होते. पोस्टरवर मुंबईचा कलाकार होता. कोपऱ्यात. पोस्टाच्या तिकिटाएवढा.

मी बाईंना विचारलं, "आता तुम्ही कोणतं काम करणार? मालकीण झालात, पाहिजे ते घ्या."

"सासूच करीन," त्या म्हणाल्या. "पन आता सून मी निवडीन."

आणि त्या दिवशी दुपारच्या जेवणात मला वाढलेल्या मटणात एकही हाड नव्हतं.

बाई आता वडशाला राहतात. पहिला हंगाम संपल्यावर विवरणपत्र भरायला माझ्याच दुकानात आल्या होत्या. कंपनीच्या कमाईवर कर बसला होता. लोक कर बसला की तोंड पाडतात. बाईंनी पावतीच्या दोन झेरॉक्स काढून घेतल्या, एक घरी लावायला आणि एक दादांना दाखवायला. "सांगितलं होतं ना, उद्या बसन म्हनून!" मी म्हटलं, "आणि डब्ब्यातल्या व्याजावर?" त्या हसल्या. "तिथं थो खलनायक येतच नाई. त्याले एन्ट्री नाई."

जाताना त्यांनी मला माझ्याच स्कूटरवर मागे बसवलं, पोस्टात नेलं आणि माझं खातं उघडून दिलं. माझं म्हणजे नावापुरतं, सुनंदाच्या समोर, तिच्या पैशांतून. सही करायला मी पेन उचललं. बाई कानात म्हणाल्या, "साधी करा. पंधरा वर्सांनी पुन्हा करता आली पाहिजे."

आता एप्रिल लागला की रस्त्यापलीकडे कुणी उभं नसतं. फोन वाजतो. स्पीकर लावायची गरज पडत नाही, समोरच्या किराणा दुकानातही ऐकू जातं. "जवाईबापू, टाकले का?"

"टाकतोच आहे, बाई. जरा गिऱ्हाईक..."

"शटर!"

मी शटर ओढतो, स्कूटर काढतो. माझ्या नाटकाचा अजून पहिलाच अंक चालू आहे. पण या खेपेला मी मध्यंतरात घरी जाणार नाही.